नजरेला नजर न देणारा शास्त्रज्ञ

अकरावीच्या फिजिक्समध्ये ग्रॅव्हिटेशनचा धडा आपण सगळ्यांनीच केलाय. त्यातली ती आकृती आठवते? एक आडवी दांडी, दांडीच्या दोन टोकांना दोन छोटे गोळे, त्यांच्याशेजारी दोन मोठे गोळे आणि दांडी टांगायला एक बारीक तार. खाली लिहिलेलं असतं, कॅव्हेंडिशचा प्रयोग. सी.ई.टी.च्या घाईत आपण त्यातून जी ची किंमत तेवढी पाठ केली आणि पान उलटलं. हा कॅव्हेंडिश कोण, कुठला, कसा राहत होता, याच्याशी आपल्याला काय देणंघेणं? त्यावर दोन मार्कांचाही प्रश्न येत नाही!

मराठी विभागासाठी एखाद्या थोर व्यक्तीवर लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी हेच नाव दिलं. शिवाजी महाराज, विवेकानंद, कलाम सर यांच्यावर दरवर्षी लेख येतात आणि ते माझ्यापेक्षा चांगलं मराठी येणारे लोक लिहितात. मी पडले कॉन्व्हेंटची. माझं मराठी म्हणजे घरातलं बोलणं, आजीने जबरदस्तीने वाचायला लावलेले दिवाळी अंक आणि आता हॉस्टेल. तेव्हा भाषा कुठे अडखळली तर सांभाळून घ्या. पण हा माणूस तुम्हाला भेटवायचाच असं मी ठरवलंय. का, ते ओघात येईलच.

हेन्री कॅव्हेंडिशचा जन्म १० ऑक्टोबर १७३१ चा. जन्मगाव नीस, जे आज फ्रान्समध्ये आहे. घराणं मात्र इंग्लंडमधलं आणि तेही साधंसुधं नाही. वडिलांचे वडील ड्यूक, आईचे वडील पण ड्यूक. आपल्या भाषेत सांगायचं तर दोन्हीकडून सरदार घराणी. हेन्री दोन वर्षांचा असतानाच त्याची आई वारली. वडील लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिश यांनी दुसरं लग्न केलं नाही, हेन्री आणि धाकटा फ्रेडरिक या दोघांना त्यांनीच वाढवलं. अकराव्या वर्षी हेन्रीला लंडनजवळ हॅकनेच्या शाळेत घातलं आणि पुढे १७४९ मध्ये तो केंब्रिजला पीटरहाऊस कॉलेजात गेला. तिथे तो १७५३ पर्यंत राहिला आणि डिग्री न घेताच बाहेर पडला. (हे वाचून कोणी खुश होऊ नये, सबमिशनची तारीख तीच राहणार आहे!)

आता इथे खरी गंमत आहे ती वडिलांची. त्या काळी ड्यूकच्या घरातल्या मुलांनी पार्लमेंटमध्ये जायचं, नाहीतर लष्करात जायचं, पार्ट्यांना जायचं, मोठ्या घरात लग्न करायचं, असा सगळा ठरलेला सिलॅबस होता. आणि इथे तर पोरगा असा, की अनोळखी माणूस समोर आला की याचं तोंड बंद. आवाज बारीक आणि बोलताना अडखळणारा. नजरेला नजर द्यायचा नाही. बायकांसमोर तर उभाच राहायचा नाही. असा मुलगा पार्लमेंटमध्ये उभा राहून भाषण काय करणार?

पण चार्ल्स कॅव्हेंडिश स्वतः राजकारण सोडून विज्ञानाकडे वळलेला गृहस्थ होता. थर्मामीटरवरच्या कामासाठी त्याला १७५७ मध्ये रॉयल सोसायटीचं कॉप्ली मेडल मिळालं होतं. त्याने मुलाला सुधारण्याच्या भानगडीत वेळ घालवला नाही. लंडनच्या ग्रेट मार्लबरो स्ट्रीटवरच्या आपल्या घराच्या आवारात त्याला प्रयोगाला जागा दिली, उपकरणं दिली. आणि १७५८ पासून त्याला आपल्याबरोबर रॉयल सोसायटीच्या सभांना आणि तिथल्या सभासदांच्या जेवणांना घेऊन जायला लागला. १७६० मध्ये हेन्री स्वतः सोसायटीचा फेलो झाला आणि त्या जेवणाच्या क्लबचाही मेंबर झाला. त्या जेवणांना तो पुढे जवळजवळ पन्नास वर्षं, आयुष्यभर, नेमाने जात राहिला. लोकांना घाबरणारा माणूस दर आठवड्याला लोकांत जेवायला जायचा, हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

त्याच्या वागण्याचे किस्से भरपूर आहेत. काही वाढवून सांगितलेले असतील, पण ते इतक्या वेगवेगळ्या लोकांनी सांगितलेत की त्यातून माणूस दिसतोच. कपडे जुन्या फॅशनचे, जवळजवळ आजोबांच्या काळातले. उंच कॉलरचा, रंग उडालेला जांभळा कोट आणि तिकोनी हॅट. सगळं दरवेळी तसंच, त्यात बदल नाही. जेवणाची ऑर्डरही ठरलेली, मटणाची एक तंगडी. एकदा चार-पाच पाहुणे येणार होते तेव्हा एक तंगडी पुरणार नाही असं नोकराने कळवलं, तर त्याने दोन आणायला सांगितल्या. विषय संपला! घरातल्या मोलकरणींशी तो बोलायचा नाही, काय हवं ते चिठ्ठीवर लिहून टेबलावर ठेवायचा. जिन्यात एकदा एक मोलकरीण समोरासमोर आली तर त्याने मागच्या बाजूला दुसरा जिनाच बांधून घेतला असं सांगतात. फिरायला जायची वाटही ठरलेली. एका संध्याकाळी दोन बायकांनी त्याला कुंपणाची पायरी ओलांडताना पाहिलं, तेव्हापासून तो अंधार पडल्यावरच फिरायला बाहेर पडू लागला.

पैसा त्याच्याकडे अफाट होता. वारला तेव्हा त्याची इस्टेट दहा लाख पौंडांच्या वर होती, आणि हे १८१० सालचे पौंड बरं का! पण पैशाशी त्याला काही कर्तव्य नव्हतं. खात्यात फारच रक्कम साचली म्हणून बँकेचा माणूस एकदा विचारायला घरी आला, तर साहेब भडकले. त्या पैशाचा त्रास होत असेल तर काढून घेतो, पण पुन्हा इथे येऊन मला डिस्टर्ब करायचं नाही, अशा अर्थाचं काहीतरी सुनावून त्याला वाटेला लावलं. पुस्तकं मात्र त्याने मनापासून जमवली आणि ती लायब्ररी अभ्यास करणाऱ्यांसाठी उघडी ठेवली. स्वतःच्याच लायब्ररीतलं पुस्तक घेताना तो इतरांसारखी रीतसर नोंद करून घ्यायचा. नियम म्हणजे नियम. आपल्या लायब्ररीतल्या सरांना हा माणूस नक्की आवडला असता.

हे झाले किस्से. आता काम बघूया.

१७६६ मध्ये त्याने वायूंवरचे पेपर वाचले. धातूवर ॲसिड टाकलं की निघणारा, भसकन पेटणारा वायू त्याने नीट गोळा केला, त्याची घनता मोजली आणि हा वेगळाच वायू आहे हे दाखवलं. तोच आपला हायड्रोजन. त्यासाठी त्याच वर्षी त्यालाही कॉप्ली मेडल मिळालं, वडिलांनंतर नऊ वर्षांनी. पुढे १७८४ च्या पेपरमध्ये त्याने हा वायू हवेबरोबर आणि ऑक्सिजनबरोबर पेटवला की पाणी तयार होतं हे मोजमापासकट मांडलं. हजारो वर्षं लोक पाण्याला मूलतत्त्व समजत होते. पंचमहाभूतांतलं एक भूत या अबोल माणसाने उतरवलं म्हणायला हरकत नाही.

१७८५ ची गोष्ट तर मला फारच आवडते. हवेतला नायट्रोजन ठिणग्या पाडून पाडून संपवायचा असा प्रयोग तो करत होता. सगळा संपला, पण एक बारीकसा बुडबुडा काही केल्या जाईना. मूळ वायूच्या १/१२० पेक्षा जास्त नसेल इतका. दुसरा कोणी असता तर रीडिंग एरर म्हणून सोडून दिलं असतं. (आपण जर्नलमध्ये काय करतो ते सांगायला नको.) त्याने प्रामाणिकपणे तो बुडबुडा लिहून ठेवला. शंभरहून जास्त वर्षांनी, १८९४ मध्ये, रॅले आणि रॅमसे यांनी ऑरगॉन शोधला तेव्हा कळलं की तो बुडबुडा म्हणजे बहुतेक ऑरगॉनच होता. त्या दोघांना १९०४ मध्ये नोबेल मिळालं.

आता आमच्या इलेक्ट्रिकल ब्रँचचा विषय. दोन चार्जमधलं बल अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात असतं, हा कूलंबचा नियम. कूलंबने तो १७८५ मध्ये छापला. कॅव्हेंडिशने तो १७७२-७३ च्या सुमारास, एका गोलाभोवती दुसरा पोकळ गोल बसवून, सिद्ध केला होता. वर्गाचा घात दोनपेक्षा फार तर १/५० ने इकडेतिकडे असेल इथपर्यंत त्याने चूक बांधून काढली होती. ओहमचा नियम १८२७ चा. कॅव्हेंडिश १७८१ मध्येच त्याच्या जवळ पोचला होता. तेव्हा ॲमीटर कुठे होता? मग हा पठ्ठ्या स्वतःच्या अंगातून शॉक घ्यायचा आणि कुठला जास्त लागला, कुठला कमी, असं तोलून वेगवेगळ्या द्रावणांचा रेझिस्टन्स काढायचा. स्वतःचं शरीर हेच मीटर! विश्वास बसत नाही, पण त्याची उत्तरं बऱ्यापैकी बरोबर होती.

मग कूलंबचा नियम कॅव्हेंडिशचा नियम का नाही? कारण त्याने हे छापलंच नाही. कागदांचे गठ्ठे तसेच पडून राहिले. शेवटी जेम्स क्लार्क मॅक्सवेलने ते सगळे वाचले, काही प्रयोग स्वतः करून पाहिले आणि १८७९ मध्ये पुस्तक काढलं. त्याच वर्षी मॅक्सवेल वारला. चार इक्वेशन्सवाला मॅक्सवेल, ज्याच्या एकेका दिवसाची किंमत विज्ञानाला मोठी होती, त्याने आयुष्यातली शेवटची वर्षं दुसऱ्या माणसाच्या कागदांवर घालवली. त्यावरून त्या कागदांची किंमत कळते.

आणि शेवटी तो प्रयोग, १७९८ चा. तेव्हा कॅव्हेंडिश पासष्टी ओलांडून गेला होता. मूळ कल्पना आणि उपकरण जॉन मिशेल या त्याच्या मित्राचं. मिशेल १७९३ मध्ये वारला आणि ते उपकरण फिरत फिरत कॅव्हेंडिशकडे आलं. त्याने ते जवळजवळ नव्यानेच बांधलं. सहा फुटांची लाकडी दांडी, टोकाला दोन इंची शिशाचे गोळे, आणि बाजूला बारा इंची मोठे गोळे, प्रत्येकी सुमारे १५८ किलोचे. मोठ्या आणि छोट्या गोळ्याच्या केंद्रांमध्ये साधारण पाऊण फूट अंतर. आकडे घालून बघा, बल येतं सुमारे ०.१५ मायक्रोन्यूटन. वाळूच्या एका बारीक कणाचं वजन जेवढं, तेवढंच. ते त्याला मोजायचं होतं. खोलीत माणूस गेला तर त्याच्या अंगाच्या उष्णतेने हवा हलते आणि दांडी डुलते, म्हणून त्याने उपकरण बंद खोलीत ठेवलं आणि स्वतः बाहेर उभं राहून भिंतीतल्या भोकातून दुर्बिणीने रीडिंग घेतलं. लोखंडी भागांमुळे मॅग्नेटिझमची गडबड होत असेल का, तापमानातल्या फरकामुळे होत असेल का, एकेक शंका घेऊन तपासली. उत्तर आलं, पृथ्वीची घनता पाण्याच्या ५.४८ पट. आजचा आकडा ५.५१. सव्वादोनशे वर्षांपूर्वी, घराच्या बागेत! (जी ची किंमत त्याने स्वतः काढली नव्हती, ती नंतरच्या लोकांनी याच आकड्यांवरून काढली. व्हायवाला उपयोगी पडेल.)

खोलीच्या बाहेर उभं राहून आतलं सगळं अचूक बघणारा माणूस. मला वाटतं, माणसांच्या बाबतीतही तो असाच उभा असायचा.

रॉयल सोसायटीचे अध्यक्ष सर जोसेफ बँक्स यांच्या घरी शास्त्रज्ञांच्या बैठका व्हायच्या. कॅव्हेंडिश तिथे यायचा आणि दाराबाहेर जिन्याच्या वर उभा राहायचा. आत जायचं धाडस व्हायचं नाही. मागून कोणी येतंय अशी चाहूल लागली की मगच आत शिरायचा. आत आल्यावर कोणी थेट त्याच्याकडे बघून बोललं की तो एकदम मागे फिरायचा. मग तिथल्या लोकांनी एक युक्ती शोधून काढली. पॅलेडियम शोधणारा वुलस्टन नव्या लोकांना ती शिकवायचा. कॅव्हेंडिशकडे बघायचंच नाही. त्याच्या जवळपास उभं राहायचं आणि समोरच्या रिकाम्या जागेशी बोलावं तसं बोलायचं. विषय कामाचा असेल तर उत्तर येतंच, आणि जे येतं ते ऐकण्यासारखं असतं.

मित्रांनो, मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक बाजूला ठेवलं आणि बराच वेळ नुसती बसून राहिले. इंग्लंडमधली सगळ्यात हुशार डोकी एका माणसासाठी आपली बोलायची पद्धत बदलत होती! आधी नजर द्यायला शिक, मग बोलू, असं त्याला कोणी म्हणालं नाही.

आणि अशी वागणूक मिळाल्यावर त्याने काय काय केलं ते बघा. १७६५ पासून सोसायटीच्या कौन्सिलवर काम केलं. पर्फ्लीटच्या दारूगोळ्याच्या कोठारावर वीज पडू नये म्हणून १७७२ मध्ये जी कमिटी नेमली तिच्यात तो बेंजामिन फ्रँकलिनबरोबर होता. १७७३ मध्ये ब्रिटिश म्युझियमचा विश्वस्त झाला. १७७५ मध्ये तर त्याने इलेक्ट्रिक माशाची, म्हणजे शॉक देणाऱ्या टॉर्पिडो माशाची, कातड्याची प्रतिकृती बनवली, तिला लेडन जारची बॅटरी जोडली आणि प्रीस्टलीसारख्या जाणकारांना घरी बोलावून चक्क शॉक दिले. चार्ल्स ब्लॅगडेन या डॉक्टरला त्याने काही वर्षं सहकारी म्हणून बरोबर घेतलं, त्याच्याबरोबर घोडागाडीतून इंग्लंडभर हिंडून कारखाने आणि खाणी पाहिल्या आणि मृत्युपत्रात त्याच्यासाठी १५,००० पौंड ठेवले. तरुण हम्फ्री डेव्हीला प्रयोगासाठी प्लॅटिनम दिलं. याला माणूसघाणा कसं म्हणायचं?

२४ फेब्रुवारी १८१० रोजी लंडनजवळ क्लॅपमच्या घरी तो गेला. शेवटच्या तासांतही नोकराला बाहेर पाठवून त्याने एकटं राहणं पसंत केलं. डर्बीच्या चर्चमध्ये घराण्याच्या इतर लोकांशेजारी त्याला पुरलं. केंब्रिजची कॅव्हेंडिश लॅबोरेटरी, जिथे पुढे इलेक्ट्रॉन आणि न्यूट्रॉनचा शोध लागला, ती याच घराण्यातल्या एका ड्यूकच्या देणगीतून १८७४ मध्ये सुरू झाली.

१८५१ मध्ये जॉर्ज विल्सन याने त्याचं चरित्र लिहिलं. बरेचसे किस्से त्यातूनच आले. विल्सनला त्याची बुद्धी दिसली, पण माणूस त्याला थंड आणि कोरडा वाटला. त्याच्यात काय काय नव्हतं याचीच त्याने मोठी यादी केली. प्रेम नाही, राग नाही, आशा नाही, वगैरे वगैरे. पुढे दीडशे वर्षं हीच यादी चालली. २००१ मध्ये ऑलिव्हर सॅक्स या न्यूरॉलॉजिस्टने एका मेडिकल जर्नलमध्ये लेख लिहून विचारलं की हा ॲस्परगर सिंड्रोमचा नमुना तर नव्हे? (तेव्हा असं वेगळं नाव होतं. २०१३ पासून अमेरिकेच्या मॅन्युअलमध्ये हे सगळं ऑटिझम स्पेक्ट्रममध्येच धरतात.) २०१५ मध्ये स्टीव्ह सिल्बरमनने ऑटिझमचा इतिहास लिहिला, त्याचीही सुरुवात कॅव्हेंडिशपासूनच होते.

आता दोनशे वर्षांपूर्वी गेलेल्या माणसाला तपासता येत नाही. त्यामुळे तो ऑटिस्टिक होताच असं ठामपणे म्हणणं बरोबर नाही आणि मी ते म्हणत नाहीये. पण त्याच्या भोवतीच्या माणसांनी काय केलं ते मात्र लिहून ठेवलेलं आहे, आणि मला बोलायचंय ते त्याच्याबद्दल.

आपल्याकडे ऑटिझमला स्वमग्नता म्हणतात. शब्द सुंदर आहे, पण मला तो चुकीचा वाटतो. स्वतःत मग्न असलेला माणूस स्वतःचे शोध छापायला विसरेल का? कॅव्हेंडिश मग्न होता तो पाण्यात, हवेत, विजेत, पृथ्वीच्या वजनात. स्व सोडून बाकी सगळ्यात!

हे सगळं मी का लिहितेय? सेकंड इयरला असताना मला स्वतःला ऑटिझम आहे हे एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टने सांगितलं. विशीला पोचताना. शाळेत असताना मॅडमच्या डोळ्यात बघून उत्तर देत नाही म्हणून मला बाकावर उभं केलेलं आहे, डायरीत उद्धट असा शेरा मिळालेला आहे. मग मी शिकले. समोरच्याच्या भुवयांच्या मधे बघायचं, मनात तीनपर्यंत आकडे मोजायचे, मग नजर हलवायची. लोक हसले की हसायचं. दिवसभर हे केलं की संध्याकाळी रूमवर येऊन अंधारात पडून राहण्यापलीकडे काही उरत नाही. इंग्रजीत याला मास्किंग म्हणतात, म्हणजे मुखवटा. मुखवटा जितका चांगला बसतो तितकं आतलं माणूस थकतं आणि निराश होतं, असं आता संशोधनही सांगतं.

मॅडमकडे गेले तेव्हा मला वाटलं होतं की आता आणखी एक क्लास लागणार, नजर कशी द्यावी याचा. तसं झालंच नाही. त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं की कुठलं काम करताना तुला वेळेचं भान राहत नाही? मी सर्किटबद्दल पंचेचाळीस मिनिटं बोलले आणि त्यांनी थांबवलं नाही. मग आम्ही यादी केली. कुठला आवाज सहन होत नाही (मेसमधली स्टीलची ताटं), कुठला प्रकाश (लॅबमधली चकचकणारी ट्यूब), काय लिहून दिलं तर लगेच कळतं, काय तोंडी सांगितलं तर सांडून जातं. बोलताना मी टेबलावर बोटं वाजवते, ती थांबवायची नाहीत, त्याने कोणाचं काही बिघडत नाही. समोर बसून बोलणं जमेना त्या दिवशी आम्ही कागदावर लिहून बोललो. कॅव्हेंडिशच्या चिठ्ठ्याच की!

या पद्धतीला ताकदीवर आधारलेली, माणसाला आहे तसं मान्य करणारी थेरपी म्हणतात. आता मोठेपणी निदान झालेल्यांसाठी अनेक ठिकाणी याच दिशेने विचार चालतो. इंग्लंडच्या नाइस या सरकारी संस्थेने २०१२ मध्ये ऑटिस्टिक प्रौढांसाठी मार्गदर्शिका काढली. त्यात थेरपिस्टने साधं आणि स्पष्ट बोलावं, अलंकारिक बोलणं टाळावं, मधे ब्रेक द्यावा आणि त्या माणसाच्या आवडीच्या विषयाचा थेरपीत उपयोग करावा असं सांगितलंय. म्हणजे अडचणी नाहीतच असं म्हणायचं नाही. माझी चिंता, माझी झोप, माझं दमणं, यावर आम्ही कामच करतो. फक्त मला दुसरं कोणीतरी बनवणं हा त्या कामाचा उद्देश नसतो.

डेमियन मिल्टन हा ब्रिटिश संशोधक स्वतः ऑटिस्टिक आहे. त्याने २०१२ मध्ये एक मुद्दा मांडला. ऑटिस्टिक माणसाला इतरांचं मन कळत नाही असं म्हणतात, पण इतरांना तरी ऑटिस्टिक माणसाचं मन कुठे कळतं? अडचण दोन्ही बाजूंनी आहे. २०२० मध्ये एक प्रयोग छापून आला. आठ-आठ जणांच्या साखळ्या करून एकाने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला गोष्ट सांगत जायची, आपल्या कानगोष्टींच्या खेळासारखं. सगळे ऑटिस्टिक असलेल्या साखळीत गोष्ट इतरांच्या साखळीइतकीच नीट पोचली. मिसळलेल्या साखळीत मात्र ती जास्त गळली. म्हणजे गडबड वायरमध्ये नाही, जोडात आहे. इलेक्ट्रिकलवाल्यांना जास्त समजवायची गरज नाही, लूज कॉन्टॅक्ट!

एक आक्षेप माझ्याच मनात आला तो सांगते. कॅव्हेंडिशचं ठीक आहे हो, ड्यूकचा नातू. दुसरा जिना बांधायला पैसे होते. आमच्यासारख्यांनी काय करायचं? खरं आहे. त्याच काळात असाच एखादा मुलगा गिरणी कामगाराच्या किंवा शेतकऱ्याच्या घरात जन्मला असेल तर त्याचं काय झालं हे कुठल्याच पुस्तकात नाही. आणि दुसरं, ज्याला पृथ्वी तोलता येते त्यालाच सांभाळून घ्यायचं आणि बाकीच्यांना नाही, असं थोडंच आहे? शोध लावला नाही तरी माणूस माणूसच असतो. म्हणून तर कायदा लागतो. आपल्या देशात २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार धरलेत, त्यात ऑटिझम आहे आणि डिस्लेक्सियासारख्या अडचणीही आहेत. ज्यांच्यात त्या अडचणी आहेत त्यांना शिक्षणात योग्य ती सोय मागता येते. तो हक्क आहे, उपकार नव्हे.

पण वुलस्टनच्या युक्तीला कुठे पैसे लागले? जिन्याला लागले असतील, युक्तीला एक पैसाही लागला नाही. प्लेसमेंटच्या तयारीत आम्हाला एका ट्रेनरने सांगितलं की जीडीमध्ये आय कॉन्टॅक्ट नसेल तर तुम्ही आत्मविश्वास नसलेले, कदाचित खोटारडे ठरता. मी शेवटच्या रांगेत बसून विचार केला की या हिशोबाने हेन्री कॅव्हेंडिश पहिल्याच राउंडला बाहेर! पुढे तुमच्यापैकी कित्येकजण टीम लीडर व्हाल, मॅनेजर व्हाल, टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घ्याल. तेव्हा समोरचा पोरगा टेबलाकडे बघून उत्तर देत असेल तर उत्तर ऐका, एवढंच माझं मागणं आहे.

आणि त्याच्या आधी, हॉस्टेलमध्ये. माझ्या रूम पार्टनरने मला न विचारता एक गोष्ट सुरू केली. काही सांगायचं असेल तर ती माझ्या टेबलावर चिठ्ठी ठेवते. मेसच्या मावशींनी मला कोपऱ्यातली जागा ठरवून दिली आहे. रेक्टर मॅडम फायर ड्रिलची वेळ आधी कळवतात. ही सगळी माणसं मानसशास्त्र शिकलेली नाहीत. फक्त, हिला कसं सोपं जाईल हे त्यांनी एकदा विचारलं.

आपल्या प्रत्येक विंगमध्ये एखादी तरी अशी असते, जी गॅदरिंगला येत नाही, ग्रुप फोटोत नसते, कॉरिडॉरमध्ये भेटली की भिंतीकडे बघत निघून जाते. शिष्ट म्हणून तिचं नावही पडलेलं असतं. कॉमन रूममध्ये कॅरम रंगलेला असतो तेव्हा ती कदाचित जिन्यावर उभी असेल, मागून कोणीतरी यावं म्हणजे त्यांच्याबरोबर आत जाता येईल म्हणून वाट बघत. तुम्ही वर येताना दिसली तर थांबवून चौकशी करू नका, डोळ्यात तर अजिबात बघू नका. दार उघडून आत जा आणि ते उघडंच ठेवा.

- टी.ई. (इलेक्ट्रिकल)